खुर्चीतली इंदू

“पाच?” तू खुर्चीला विचारलंस. “बोटं नीट दाखव ना, इंदे. चार की पाच?”

मी खुर्चीत नव्हते, कुमुद. मी तुझ्या पाठीमागे उभी होते. तुला कुशीवर वळवून पाठीला पावडर लावत होते, आणि माझे दोन्ही हात तुझ्या पाठीवर होते. खुर्ची तुझ्या समोर, खिडकीपाशी. लाल प्लास्टिकची, हातांची. रिकामी.

तू डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलंस, जिन्यातल्या अंधारात माझ्याकडे बघायचीस तसं. मग मान हलवलीस.

“पाच. बरं. म्हणजे गुरुवार. मग उमेशला सांग, निघ म्हणावं. तुला जमत नसेल तर या बाईंना सांग. त्या करतील फोन.”

या बाई म्हणजे मी.

शनिवार होता. दुपारचे दोन वाजले असतील. एक ते चार तुझ्या गल्लीत, घडियाळी पोळमध्ये, दुकानं बंद, माणूस दिसत नाही, गाय असली तर तीही सावलीत बसून डोळे मिटते. पितृपंधरवडा चालू होता. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कावळ्यासाठी पान ठेवलं होतं आणि कावळा काही शिवत नव्हता. सगळं इतकं शांत की खुर्चीचं प्लास्टिक उन्हाने करकरलं तेही ऐकू आलं. करकरलं, जसं कोणी बसल्या जागी जरा सरकावं.

मी घाबरले ते त्यासाठी नाही. मी घाबरले कारण आकडा बरोबर होता. सकाळी तुझं अंग पुसताना मी तुझे तळवे बघितले होते आणि मनात धरलं होतं, पाच दिवस. कुणाला बोलले नव्हते. एकही बोट वर केलं नव्हतं.

बोटांचं तुला माहीत आहे. पण इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी त्यांच्या अंकासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलं आहे, आणि वाचणाऱ्यांना आपली रीत माहीत नाही. शोकसभेत बोला म्हणाले होते, तेव्हा मी उठले नाही. मला उभं राहून बोलता येत नाही, ते तुझं काम. म्हणून लिहिते, आणि रीतही सांगते.

तू वॉर्डातली सिस्टर, मी त्याच वॉर्डात आया. तू शिकलेली, मी चौथी पास. आमचे पणजोबा इथल्या महाराजांच्या फौजेत होते, एवढंच आमच्या घरचं मोठेपण. पुढे ज्याला जे काम मिळालं ते त्याने केलं, मला बेडपॅन मिळालं. दोघी रिटायर झाल्यावर तू म्हणालीस, चल, घरोघरी जाऊ. दवाखान्याने “आता घरी न्या” म्हणून सांगितलेली माणसं असतात. त्यांना घरी नेतात, पलंगावर ठेवतात, आणि मग घरच्यांना कळत नाही की आता काय करायचं. ते आपण शिकवायचो. कूस कशी बदलायची, नळीतून पेज कशी द्यायची, ओठांना ग्लिसरीनचा बोळा कसा फिरवायचा.

कामं वाटून घेतलेली. मी अंग पुसायचे, तू बोलायचीस. अंग पुसणाऱ्याला दिसतं. टाचेचा रंग, नखं, कानाची पाळी, गुडघ्यावरची निळी जाळी. तीस वर्षं रोज बघितलं की वाचता येतं. मला पुस्तकापेक्षा तेच जास्त येतं. तू म्हणायचीस, इंदीचा अंदाज डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा बरा. पण मी तो घरच्यांना कधी सांगितला नाही. आपण निघालो की जिन्यात मी तुला बोटं दाखवायचे. तीन बोटं म्हणजे तीन दिवस. नुसती मूठ म्हणजे अजून महिना तरी काढेल. तू बघायचीस, चप्पल पुन्हा काढायचीस आणि परत वर जायचीस. मी खाली उभी राहायचे. वरून आधी काही ऐकू यायचं नाही, मग रडणं, मग तुझा आवाज: “आता मुलीला फोन करा. जे बोलायचं असेल ते आज बोला. आणि आधी जेवून घ्या सगळ्यांनी. माणूस जातो तेव्हा घरात कोणी उपाशी नको.”

ह्याच्यावर आपण सतरा वर्षं भांडलो.

“सांगून काय मिळतं?” मी म्हणायचे.

“वेळ मिळतो.”

“कसला वेळ? रडायला?”

“रडायला पण लागतो वेळ. तू दगड आहेस, तुला नाही कळणार.”

“दगड तर दगड. दगड कुणाला मारायला तरी जात नाही.”

“मग मी मारते का?”

मी पुढे चालायला लागायचे. तुला वाटायचं मी हरले.

खुर्चीचं बाजवा गावात सुरू झालं. तिथून रिफायनरीची ज्योत दिसते, दिवसासुद्धा, आणि हवेला कायम रॉकेलसारखा वास. रमणकाका म्हणून एक म्हातारे होते. शेवटच्या आठवड्यात त्यांचा मेलेला भाऊ त्यांना दिसायला लागला. आता हे सगळ्यांनाच होतं, वॉर्डात आपण शेकडो बघितले. कोणाला आई दिसते, कोणाला पहिली बायको. डॉक्टर म्हणतात डोक्याला प्राणवायू कमी पडतो, मीही तेच म्हणते. पण रमणकाका तळमळायला लागले. “बेस ने, भाई. केम ऊभो छे? बेस ने.” सारखं तेच. भाऊ उभा आहे आणि बसायला जागा नाही, म्हणून काका उठायला बघायचे. सून रडायला लागली. तू बाहेरच्या खोलीतून एक खुर्ची ओढत आणलीस, पलंगाशी ठेवलीस आणि म्हणालीस, “लो काका, बेसी गया.”

काकांनी खुर्चीकडे बघितलं आणि निवांत डोळे मिटले.

मी जिन्यात म्हटलं, “चांगलं नाटक केलंस. भावाला चहा पण टाकायचा होता.”

“टाक. शेवटी तूच पिणार.”

तेव्हापासून प्रत्येक घरात पलंगाशी एक खुर्ची रिकामी. नियम एकच, तिच्यात कोणी बसायचं नाही. “येणाऱ्याची जागा आहे,” तू घरच्यांना सांगायचीस, आणि कोण येणार ते विचारायची कुणाची हिंमत होत नसे. एका घरी एक आतेभाऊ बसला होता, पपईच्या पानांच्या रसाने कॅन्सर कसा बरा होतो ते सांगत. तू त्याला म्हणालीस, “उठा. तुमच्या आधी बुकिंग झालंय.” माणूस असा उठला की चप्पल विसरून गेला.

मी नाटक म्हणायचे. पण सतरा वर्षांत मीही कधी त्या खुर्चीत बसले नाही. हे तू बघितलं होतंस. बोलली नाहीस, हा तुझा चांगुलपणा.

मग तुझ्या पोटात गाठ निघाली. रिपोर्ट घेऊन तू माझ्याकडे आलीस, ओट्याशी उभी राहून माझी वांग्याची भाजी हलवत म्हणालीस, “हे बघ, इंदे. दुसऱ्याचं मला कळतं, माझं मला कळणार नाही. सगळ्या पेशंटना वाटतं आज जरा बरं आहे. मलाही वाटेल. वेळ आली की तू मला सांगायचं. डॉक्टरांनी नाही, उमेशने नाही. तू बघायचं आणि तूच सांगायचं.”

“सांगेन,” मी म्हटलं.

“तोंडाने.”

“सांगेन म्हटलं ना. भाजी जाळू नकोस.”

कबूल केलं आणि पाळलं नाही. तू ऑगस्टपासून पलंगावर होतीस आणि मी तुझ्या घरीच राहायला आले होते. रोज तू विचारायचीस, “काय म्हणतात तळवे?” आणि मी रोज म्हणायचे, “तळवे म्हणतात पायमोजे घाला.” उमेश कॅनडाहून रोज फोनवर तोंड दाखवायचा. “मावशी, खरं सांगा. मी निघू का?” मी म्हणायचे, “काही घाई नाही. जेवते आहे. तिकीट दिवाळीचं आहे ना, दिवाळीला ये.” तेव्हा तू दोन चमचे पेजेच्या वर घेत नव्हतीस. मला माहीत होतं तू दिवाळी बघणार नाहीस. दसराही नाही. तुझा एकुलता एक मुलगा मी माझ्या जिभेने तिकडे बसवून ठेवला होता.

का, ते आता सांगते. सतरा वर्षं तू मला दगड म्हणालीस आणि मी म्हणू दिलं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

मी वॉर्डात नवीन होते. तू तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर, उमेशच्या वेळेला. छाणी गावचा एक माणूस होता, चाळिशीचा, पोट फुगलेला. मी त्याचे पाय पुसत होते. त्याने विचारलं, “बेन, दिवाळीला घरी जाईन ना?” मला नुकतंच वाचता यायला लागलं होतं, आणि वाचता येतं त्याची मिजास होती. मी म्हटलं, “नाही, भाई. दहा दिवस आहेत.” तो म्हणाला, “सारू,” म्हणजे बरं, आणि भिंतीकडे तोंड केलं. मी बादली रिकामी करून आले तोवर गेला होता.

दहा दिवस होते त्याचे, कुमुद. मी चुकले नव्हते. तळवे स्वच्छ होते, मी नंतर परत बघितले. ते दहा दिवस माझ्या तोंडातून गेले. तेव्हापासून मी फक्त बोटं वर केली, आणि तीही तुला, जिन्यात, पेशंटला ऐकू जाणार नाही अशी. सांगितल्याने माणूस मरतो, हे मला पक्कं बसलं होतं. तू सांगायचीस आणि माणसं दिवस पूर्ण करायची, हे डोळ्यांनी बघत होते. तरी वाटायचं, तिची जीभ वेगळी. माझी जीभ वाईट आहे.

म्हणून तुला सांगत नव्हते. तुला एक दिवससुद्धा कमी मिळायला नको होता.

त्या शनिवारच्या आदल्या दिवशी मी चूक केली. शुक्रवारी, अशीच दुपार. तुला स्पंज दिला, चादर बदलली, ओली चादर पलंगाच्या कठड्यावर आणि स्टुलावर पसरली. तू झोपलीस. माझे गुडघे असे ठणकत होते की खाली बसले तर उठता येणार नाही हे माहीत होतं. लाल खुर्ची तिथे होती. तूच मांडायला लावली होतीस, आजारी पडल्याच्या पहिल्या आठवड्यात. मी बसले. पाच मिनिटं, म्हटलं.

बसल्यावर आधी जाणवलं की बैठक कोमट आहे. ऊन येतं तिथे, त्यात काही नाही. मग वर बघितलं तर तू जागी होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस. रागावली नाहीस. हसलीस, पाहुणा अखेर आला की हसतात तशी, आणि पुन्हा डोळे मिटलेस.

मी लगेच उठले. पण मला वाटतं, मी सगळी उठले नाही.

दुसऱ्या दिवसापासून तू खुर्चीशी बोलायला लागलीस. तुझी आई आली नाही, भाऊसाहेब आले नाहीत, ज्यांच्यासाठी तू अठ्ठावीस वर्षं विधवेचं कपाळ घेऊन फिरलीस. कोणीच मेलेलं आलं नाही. खुर्चीत बसून होते मी, आणि मी जिवंत होते, तुझ्या पाठीला पावडर लावत होते.

त्या दुपारी मी पावडरचा डबा खाली ठेवला आणि फोन लावला. तिकडे पहाट होती. उमेशने पहिल्या रिंगला उचलला.

“निघ,” मी म्हटलं.

“मावशी, परवा तर तुम्ही म्हणालात दिवाळीला...”

“खोटं बोलले. पाच दिवस आहेत. निघ.”

त्याने विचारलं, “आईला माहीत आहे?”

मी खुर्चीकडे बघितलं. “सांगितलंय,” मी म्हटलं.

ते पाच दिवस मी कधी विसरणार नाही, आणि त्यातला निम्मा वेळ मला तुझा राग येत होता, हेही लिहून ठेवते. पन्नास वर्षांची ओळख आणि तू मला म्हणायचीस, “बाई, जरा पाणी द्या.” द्या! मला! आणि खुर्चीतल्या इंदूशी अरे-तुरे, हसणं, वॉर्डातल्या चहाड्या. हेडसिस्टरच्या विगची गोष्ट तू तिला परत सांगितलीस. ती मी तुला सांगितलेली गोष्ट होती. एकदा तू तिला हळूच म्हणालीस, “ही बाई कामाला चांगली आहे गं, पण हात गार आहेत. आणि खोटं बोलते.”

मी तिथेच होते. तुझी नखं कापत होते.

“कशावरून खोटं बोलते?” मी विचारलं.

तू माझ्याकडे वळून बघितलंसच नाहीस. खुर्चीकडे बघून म्हणालीस, “तूच सांग तिला.” आणि मग बराच वेळ ऐकत होतीस, हं, हं करत. मी पण ऐकत राहिले, कुमुद. खरं सांगते, मी नेलकटर खाली ठेवून ऐकत राहिले. खालून नवरात्राच्या मंडपाचे बांबू टाकल्याचा आवाज आला, स्पीकरवाला “हेलो, हेलो” करून बघत होता. दुसरं काही ऐकू आलं नाही. जे तुला ऐकू येत होतं ते माझंच होतं आणि मलाच ऐकू येत नव्हतं.

रविवारी, तू झोपली असताना, मी खुर्ची बाहेर नेऊन ठेवायला उचलली. तीन किलोची प्लास्टिकची खुर्ची. उचलली आणि परत ठेवली. जड होती असं म्हणत नाही. खुर्चीतल्या इंदूची जागा कोणी काढून घेतली तर तुला तळमळ होईल, रमणकाकांसारखी, म्हणून ठेवली. दुसरं कारण असेल तर ते मी बघितलं नाही.

उमेश मंगळवारी सकाळी आला. अहमदाबादहून टॅक्सीने, हातात एक बॅग, दाढी वाढलेली. तू त्याला पटकन ओळखलंस. “आलास? इंदूने बोलावलं ना?” आणि हाताने खुर्ची दाखवलीस. पोराने खुर्चीकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे.

“मावशी...”

“हो म्हण,” मी म्हटलं. “आणि पलंगावर बस. खुर्चीत बसू नकोस.”

“का?”

“कुणीतरी आहे.”

तो माझ्याकडे असा बघायला लागला की आता दोघींना सांभाळावं लागणार. पण बसला नाही.

दोन दिवस तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही, मी ओट्यापाशी होते. मोठं काही नसावं. एकदा तू त्याच्या बापाचं काहीतरी सांगत होतीस आणि तो हसला. एकदा रडला. त्याने तुझे पाय चेपले. तळव्यांवर आलेला रंग त्यानेही बघितला असणार, पण त्याला वाचता येत नाही, बरं आहे.

गुरुवारी मी खिचडी आणि कढी केली. उमेशला पलंगाशी जमिनीवर पान वाढलं. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, तुझ्या आईचा नियम आहे, गिळ. तू डोळे मिटून होतीस, श्वास थांबून थांबून येत होता, तो मला नवा नाही. तो जेवून ताट धुवायला मोरीत गेला, आणि तू डोळे उघडलेस.

“जेवला का गं तो?” तू खुर्चीला विचारलंस.

तू वाट बघितलीस. पाच दिवस तिने तुला लगेच उत्तरं दिली होती. आता दिलं नाही. तू जराशी कावरीबावरी झालीस, तसं मी तुला आधी कधी बघितलं नव्हतं.

“जेवला,” मी म्हटलं.

तुझी मान हळूहळू फिरली. खुर्चीवरून भिंत, भिंतीवरून दार, दारावरून मी. आणि तू मला बघितलंस. बाईंना नाही, मला.

“अगं, तू उभी का, इंदे? बस ना.”

स्टुलावर उमेशची बॅग होती, खोलीत मला बसायला ती एकच जागा होती. मी बसले. बैठक गार होती, उन्हात असून. तू हसलीस, आणि पुढचा श्वास आला नाही. उमेश ओले हात घेऊन दारात आला तेव्हा मी तुझ्याकडे बघत खुर्चीत बसलेली होते.

शनिवार ते गुरुवार. पाच म्हणजे पाच. एकही कमी झाला नाही.

बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, इकडच्या रीतीप्रमाणे खालच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरल्या. उमेशने तुझा फोटो ठेवायला खुर्ची शोधली आणि नेमकी तीच खाली आणली. सुखडाचा म्हणजे चंदनाचा हार, उदबत्ती, आणि लाल खुर्चीत तू. युनिफॉर्ममधला फोटो, तीस वर्षांपूर्वीचा. लोक येऊन हात जोडत होते. आपल्या पेशंटांच्या घरची माणसं आली. बाजव्याची रमणकाकांची सून आली, आता तिचेही केस पिकलेत. तिने फोटोकडे न बघता खुर्चीकडे बघितलं आणि मला म्हणाली, “मासी, आज बेन पोते बेठां.” आज बाई स्वतःच बसल्या. मी म्हटलं, “हो. आता उठणार नाही.”

पण मनात वेगळंच होतं. सतरा वर्षांत त्या खुर्चीत ज्यांना ज्यांना बस म्हटलं, ती सगळी मेलेली माणसं होती. तू मला बस म्हणालीस, आणि मी बसले.

मग मी रोज सकाळी अंघोळीनंतर स्वतःचे तळवे बघायला लागले. गुडघे वळत नाहीत, म्हणून पाटावर आरसा ठेवून, एकेक पाय वर धरून. टाच, बोटं, नखं. माझ्या वयाची बाई आरशात तळवे बघते आहे हे कोणी बघितलं असतं तर मलाच घरी न्या म्हणाले असते. तुझं म्हणणं खरं आहे, स्वतःचं कळत नाही. कोणी बघून बोटं दाखवायला हवं होतं, आणि जिन्यात कोणी नव्हतं.

परवा मांडवीहून एक सून बोलवायला आली. सासू घरी आणली होती. मी म्हटलं, आता आम्ही जात नाही. ती म्हणाली, “कुमुदबेन गयां ए खबर छे, मासी. तमे तो छो ने?” तुम्ही तर आहात ना? मी चप्पल घातली.

म्हातारीला पुसलं. कूस बदलली. घरात जी खुर्ची होती ती ओढून पलंगाशी ठेवली आणि सुनेला म्हटलं, हिच्यात कोणी बसायचं नाही. तळवे बघितले. निघाले. अर्ध्या जिन्यात सवयीने वळले आणि तीन बोटं वर केली.

समोर भिंत होती. भिंतीवर विजेचा मीटर. कुणी मान हलवली नाही, कुणी चप्पल काढली नाही.

मी तशीच उभी राहिले, बोटं वर. मग चप्पल काढली आणि परत वर चढले. गुडघ्यांनी बोंब मारली. सुनेला दारातच सांगितलं. तोंडाने. “तीन दिवस आहेत. नणंदेला बोलाव. आणि आधी जेवून घ्या सगळ्यांनी.” ती भिंतीला टेकली, रडली, आणि मग फोन शोधायला आत गेली. आतून म्हातारीने विचारलं, “कोण छे?” मला वाटलं, आता ही भिंतीकडे तोंड करणार आणि जाणार. मी दारात उभी राहून तिच्या छातीकडे बघत राहिले. वर, खाली. वर, खाली.

तिने माझ्याकडे बघून कढी मागितली.

आज तिसरा दिवस. सकाळी निरोप आला, नणंद सुरतेहून पोचली, आजी आहे अजून.

लाल खुर्ची उमेशने जाताना माझ्याकडे आणून ठेवली. मी नको म्हटलं नाही. खिडकीपाशी आहे. दुपारी सगळं बंद झालं की ती उन्हाने करकरते, आणि मी भाजी निवडता निवडता तिच्याकडे बघते. एकदोनदा मी तिला विचारलं की विगची गोष्ट सांगताना तू शेवट बरोबर सांगितलास की नेहमीसारखा बिघडवलास. उत्तर आलं नाही.

तू मला खोटी म्हणालीस ते खरं होतं. तुला सांगायचं काम माझं होतं, आणि ते कुणी केलं हे मला आजही माहीत नाही. पण तू गुरुवारपर्यंत होतीस, आणि उमेश जेवला होता.

त्या दुपारी त्या खोलीत आपण होतो: तू, ताट धुवायला गेलेला उमेश, खुर्चीतली इंदू आणि मी. तू गेलीस. उमेश परत कॅनडाला गेला. खुर्चीतल्या इंदूला मी कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळे ती गेली की आहे ते सांगता येणार नाही. तू बस म्हणालीस आणि मी बसले, त्याचा आज सतरावा दिवस. सकाळी तळवे बघितले, स्वच्छ आहेत.

मी आहे.